लेण आणि लेणे : अजिंठ्याच्या छायाचित्रांतील स्थान व अंतर्भाग

गेल्या वर्षावासाच्या आरंभी आमच्या संस्थेस एका उपासकाने मोठ्या चौकटीतील एक छायाचित्र दान दिले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे ते छायाचित्र. मुद्रण उत्तम, रंग सतेज, चौकट सागवानी. दात्याच्या श्रद्धेविषयी तर शंकाच नव्हती. बुद्धवंदना झाल्यावर ते सभागृहाच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या छायाचित्राशेजारी लावण्यात आले. त्याच दिवशी धम्मवर्गास आलेल्या एका लहान मुलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहून विचारले, "हे कुठं आहे?" आम्ही म्हणालो, "अजिंठ्याला." "अजिंठ्याला कुठं?" "पहिल्या लेण्यात." "म्हणजे दारावर, की आत?"

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक होते, पण ते त्या छायाचित्रात नव्हते. चौकटीच्या आत मुकुट होता, झुकलेली नजर होती, हातातील नीलकमल होते. भिंत कोठली, तिच्या शेजारी काय आहे, समोर कोण उभा राहावा अशी अपेक्षा आहे, यांपैकी कशाचाही मागमूस नव्हता. अजिंठ्याची छायाचित्रे आम्ही विद्यार्थिदशेपासून पाहत आलो आहोत, पाली शिकविताना ती वर्गातही दाखविली आहेत. तरी हा प्रश्न आम्ही स्वतःस कधी विचारला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेख त्या कबुलीतून निघाला आहे.

छायाचित्रावर आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा चेहऱ्याविषयी आणि प्रकाशाविषयी असते. जागेविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वस्तुतः चित्रकार आपल्या कल्पनेतील जागा रंगवू शकतो. छायाचित्रकारास मात्र कोठेतरी प्रत्यक्ष उभे राहावे लागते, आणि त्याच्यासमोरची वस्तूही कोठेतरी असावीच लागते. हे 'कोठेतरी' छायाचित्रात किती ठेवावे आणि किती कापावे, येथेच त्याचा विवेक कसास लागतो. ग्रंथांच्या कपाटांपुढे बसलेल्या बाबासाहेबांचे छायाचित्र आपल्या घराघरांत आहे. त्यातील कपाटे कापून काढा. उरेल ते कोटातील एका विद्वान गृहस्थाचे चित्र. ज्या समाजास पाटीला स्पर्श करण्याची मुभा नव्हती त्या समाजातील एक पुरुष पुस्तकांच्या भिंतीला पाठ टेकून बसला आहे, हा अर्थ त्या खोलीने दिलेला आहे. आपल्या आयाबहिणींनी हे छायाचित्र निवडले तेव्हा त्यांनी ती खोलीही निवडली होती.

आता पद्मपाणी कोठे आहे ते पाहू.

पहिले लेणे हा विहार आहे. ओसरी ओलांडून आत गेले की सुमारे चौसष्ट फूट लांबीरुंदीचे चौरस दालन लागते. त्यात वीस खांब आहेत आणि तिन्ही बाजूंना मिळून चौदा खोल्या कोरल्या आहेत. दारातून सरळ समोर, मागील भिंतीच्या मध्यावर अंतराळ आहे आणि त्यापलीकडे गर्भगृहात धम्मचक्र-प्रवर्तन मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती. अंतराळाच्या दाराच्या डाव्या हातास पद्मपाणी, उजव्या हातास वज्रपाणी. अंतराळात शिरल्यावर डाव्या भिंतीवर मारविजय, उजव्या भिंतीवर श्रावस्तीचे प्रातिहार्य. म्हणजे ज्याला आपण एकटे चित्र समजतो तो वास्तविक एका जोडीचा अर्धा भाग आहे, आणि ती जोडी स्वतःसाठी नसून मधल्या दारासाठी आहे. बुद्धाकडे जाणाऱ्याने या दोघांच्या मधून जावयाचे आहे. पद्मपाणीची नजर खाली का, याचे उत्तर करुणा असे सर्व ग्रंथांतून दिले जाते, आणि ते चूक नाही. परंतु अंधाऱ्या दालनातून हळूहळू पुढे येणारा माणूस त्या आकृतीच्या मानाने बराच खाली असतो, ही साधी गोष्टही त्या उत्तरात मिळविली पाहिजे. खाली कोणीतरी आहे म्हणून ती नजर खाली आहे. छायाचित्राने तो कोणीतरी काढून टाकला. आमच्या सभागृहात हे चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावले गेले आणि बोधिसत्त्व फरशीकडे पाहत राहिला.

बुद्धमूर्तीची गोष्ट तर आणखी बोधप्रद आहे. अजिंठ्यातील मार्गदर्शक एक दिवा घेऊन तो मूर्तीच्या डावीकडे, उजवीकडे आणि समोर धरतात आणि दर वेळी मुखावरील भाव बदललेला दाखवितात. एका बाजूने स्मित, दुसऱ्या बाजूने गांभीर्य, समोरून ध्यानमग्नता. पर्यटकांस हा खेळ वाटतो. आम्हांसही पूर्वी वाटत असे. पण यातून एवढे निश्चित दिसते की त्या मुखाचा कोणताही एक भाव 'खरा' नाही. प्रकाश कोठून येतो यावर तो अवलंबून आहे, आणि प्रकाश कोठून यावा हे त्या खोलीने ठरविले आहे. छायाचित्रकार तिन्हींपैकी एक भाव निवडतो, आणि पुस्तकातून, दिनदर्शिकेतून तोच तथागतांचा भाव म्हणून आपल्या घरी येतो.

येथे विनयपिटकाकडे वळणे आवश्यक आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात निवासस्थानांचा विचार आहे. आरंभी भिक्खूंस विहार नव्हते. ते अरण्यात, वृक्षमूळी, डोंगराच्या कपारीत, स्मशानात, उघड्यावर राहत आणि पहाटे तेथून बाहेर पडत. राजगृहाच्या श्रेष्ठीने त्यांना असे येताना पाहिले आणि विहार बांधून दिले तर राहाल काय, असे विचारले. तथागतांनी पाच प्रकारच्या आश्रयस्थानांस अनुज्ञा दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. या पाचांस मिळून पालीत शब्द आहे 'लेण'. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले अशी ती कथा आहे. (दादरच्या आपल्या वास्तूस बाबासाहेबांनी राजगृह हे नाव दिले आणि तीत ग्रंथांच्या निवासाची सोय पाहिली, हे वाचकांस येथे सहज आठवेल.)

लेण म्हणजे आसरा. थंडी, ऊन, पाऊस, डास आणि श्वापदे यांपासून रक्षण करणारी जागा. आपल्या डोंगरांतील शिलालेखांत दान दिलेल्या गुहेस हाच शब्द आहे, आणि मराठीने तो दोन हजार वर्षे जिभेवर जपून 'लेणे' असा आपल्या हाती दिला. मात्र मराठीत 'लेणे' हा दुसराही एक शब्द आहे, त्याचा अर्थ दागिना. आमचा आक्षेप थोडक्यात असा आहे की, छायाचित्राने पहिल्या लेण्याचे दुसरे लेणे करून टाकले. आसरा होता, तो अलंकार झाला.

त्याच खन्धकात चित्रांविषयीचा एक प्रसंग आहे. छब्बग्गिय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगवून घेतल्या. विहार पाहत हिंडणाऱ्या लोकांनी ते पाहिले आणि हे तर कामभोगी गृहस्थांसारखे झाले, अशी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी अशा आकृतींस मनाई करून माळा, वेली, मकरदंत यांसारख्या नक्षीस अनुज्ञा दिली. (विहार पाहत हिंडण्यास मूळ पालीत 'विहारचारिका' असा शब्द आहे, पर्यटन हे आजचे खूळ नव्हे!) आता अजिंठ्यात तर स्त्री-पुरुषांच्या आकृतींनी भिंती भरल्या आहेत. याची संगती कशी लावावयाची? पुष्कळ अभ्यासक काळाचा आणि संप्रदायाचा भेद सांगून मोकळे होतात. तो भेद आहेच. परंतु मूलसर्वास्तिवादी विनय पाहिला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. तेथे अनाथपिंडिक जेतवन रंगविण्याविषयी विचारतो, आणि उत्तरात केवळ 'काय रंगवावे' एवढेच नसून 'कोठे रंगवावे' हेही सांगितले आहे. बाहेरच्या दारावर दंडधारी यक्ष. देवडीत भवचक्र आणि महाप्रातिहार्य. फिरण्याच्या जागी जातककथा. भोजनशाळेत अन्न घेऊन येणारे यक्ष. रुग्णांच्या खोलीत रुग्णाची शुश्रूषा करणारे तथागत. शौचकूपात स्मशान. भिक्खूंच्या खोल्यांत हाडांचा सापळा आणि कवटी.

हा क्रम नीट पाहावा. येथे चित्राचा अर्थ त्याच्या जागेसह ठरतो. रुग्णाच्या उशाशी जे चित्र आहे ते भोजनशाळेत लावले तर ते निराळे चित्र होईल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भवचक्र ओसरीच्या भिंतीवर आहे, गर्भगृहात नाही; आत शिरण्यापूर्वी ते पाहावयाचे आहे. त्याच लेण्यात आत, अंतराळाच्या भिंतीवर, भिक्षापात्र घेतलेले तथागत आणि त्यांच्यासमोर यशोधरा व राहुल. हे दोन्ही पट सुटे छापून एकाच आकारात समोरासमोरच्या पानांवर ठेवले की ओसरी आणि अंतराळ यांमधील ती सबंध वाट नाहीशी होते. वाचकाने एक पाऊलही टाकलेले नसते.

अजिंठ्याच्या छायाचित्रणाचा इतिहास आम्ही या दृष्टीने पुन्हा चाळला, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. साधने जितकी तोकडी, तितकी जागा शाबूत. साधने सुधारली तशी जागा हरवत गेली.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने तैलरंगात केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. गिलची छायाचित्रे मात्र उरली. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी भारतातील कोरीव लेण्यांवर जे पुस्तक काढले त्यात गिलची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत.

त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती ओली असतानाच प्रकाश द्यावयाचा आणि ओली असतानाच धुवावयाची. म्हणजे अंधारा तंबू बरोबर हवा, रसायने हवीत, पाणी हवे, आणि हे सर्व वाघोरा नदीच्या घळीत. शिवाय ही काच केवळ निळ्या प्रकाशास दाद देई. तांबडा आणि पिवळा रंग तिला दिसतच नसे. ते काळे उमटत. अजिंठ्याची भित्तिचित्रे तर मुख्यतः काव आणि पिवळी माती यांचीच. तेव्हा भित्तिचित्रांचे छायाचित्र घेणे गिलला जवळजवळ अशक्यच होते. मग त्याने काय घेतले? दर्शनी भाग घेतले, खांबांच्या रांगा घेतल्या, स्तूप घेतले, बाहेरच्या उजेडाकडून आतल्या अंधाराकडे जाणारी खोली घेतली. आणि ही छायाचित्रे बहुतांशी जोडभिंगी होती. दोन डोळ्यांच्या अंतराने ठेवलेल्या दोन भिंगांतून एकाच वेळी दोन प्रतिमा घ्यावयाच्या आणि त्या विशिष्ट दुर्बिणीतून पाहावयाच्या, म्हणजे एक खांब पुढे, दुसरा मागे, असा भास होतो. लेण्यात शिरल्यासारखे वाटते. ज्याने रंग आणि कथा पकडता न आल्यामुळे केवळ जागा पकडली, त्यानेच भिक्खूंच्या निवासाची सर्वांत प्रामाणिक नोंद मागे ठेवली आहे. हे त्याचे उद्दिष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्याला चित्रेच हवी होती.

त्या युगातील लेण्यांच्या छायाचित्रांविषयी एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. उंची कळावी म्हणून खांबाशेजारी एखादा स्थानिक माणूस उभा करण्याची वा बसविण्याची तेव्हा रीत होती. खांबाचे माप पुस्तकात येते, लेण्याचा क्रमांक येतो, त्या माणसाचे नाव येत नाही. मोजपट्टीचे काम त्याने केले. आपल्या वाचकांस यावर अधिक सांगावयास नको.

विसाव्या शतकात चित्र बदलते. व्हिक्टर गोलुबेव यांनी १९१०-११ मध्ये छायाचित्रे घेतली आणि पहिल्या लेण्याच्या चित्रांवरील त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर उपचार केले. त्यापूर्वीच्या अवस्थेची नोंद म्हणून गोलुबेव यांच्या कामाचे मोल आजही कमी झालेले नाही. त्यानंतर गुलाम याझदानी यांचे चार भागांतील 'अजंता', १९३० ते १९५५. निजाम संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे हे कार्य किती मोठे आहे हे ज्याने ते जड खंड ग्रंथालयाच्या मेजावर उघडले आहेत त्यालाच कळेल. आता रंगही आला. परंतु रंगाबरोबर चौकटही आली. पटातून एक आकृती, आकृतीतून एक चेहरा, चेहऱ्यातून डोळे. याझदानी यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की कोणते चित्र कोणत्या भिंतीवर आहे हे ते मजकुरात दक्षतेने नोंदवितात. दोष ग्रंथाचा नाही. पुढे त्या ग्रंथांतून, आणि त्यांच्या धर्तीवरील इतर ग्रंथांतून, चित्रे उचलली गेली आणि मजकूर तेथेच राहिला. पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर, साड्यांच्या दुकानांत, विवाहपत्रिकांवर, आणि (हे लिहिताना संकोच होतो) आमच्यासारख्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर पद्मपाणी आला तो असा, भिंतीवाचून.

बिनॉय बहल यांच्या १९९८ मधील ग्रंथाचा उल्लेख आदराने केला पाहिजे. चित्रांवर प्रखर दिव्यांचा मारा न करता, अत्यंत मंद प्रकाशात, दीर्घकाळ भिंग उघडे ठेवून त्यांनी छायाचित्रे घेतली. दिव्याच्या झगझगाटात जे रंग पांढुरके पडत ते येथे खोल आणि उबदार दिसतात. त्या काळच्या डोळ्यांना ते कसे दिसले असतील याच्या आपण जवळ येतो. प्रकाशाच्या बाबतीत बहल यांनी लेण्याचा मान राखला, याबद्दल दुमत नाही. पण पाने उलटत गेल्यावर मन भरते ते चित्रांनीच. चित्र इतके स्पष्ट दिसते की आपण अंधारात आहोत हे विसरून जातो. प्रत्यक्ष लेण्यात हे विसरता येत नाही. तेथे आत गेल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, मग खांब दिसतात, मग भिंतीवर कोठे हात, कोठे हत्तीची सोंड. पाहणे हळूहळू घडते. ही सावकाशी त्या स्थानाचा गुण आहे, आणि ती पुस्तकात कशी आणावी हा प्रश्न अजून सुटलेला नाही, असे आमचे मत आहे.

तो काही अंशी सुटला आहे, पण दुसरीकडे, चीनमधील दुनहुआंगच्या मोगाओ गुहांत. तेथे १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पेलियो यांच्याबरोबर शार्ल नुएत हा छायाचित्रकार होता. ग्रंथांच्या गुंडाळ्यांनी भरलेल्या अरुंद खोलीत मेणबत्तीच्या उजेडात वाकून बसलेल्या पेलियोंचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या छायाचित्रात विद्वत्ता दिसते, आणि आता आपल्याला लूटही दिसते. दोन्ही दिसण्याचे कारण खोलीच्या भिंती चौकटीत आहेत. पुढे १९४३-४४ मध्ये जेम्स लो आणि त्यांच्या पत्नी लूसी लो यांनी तेथे दीर्घकाळ राहून अडीच हजारांहून अधिक कृष्णधवल छायाचित्रे घेतली. गुहांत वीज नव्हती. त्यांनी बाहेरचे ऊन आरशांनी आत वळविले आणि पांढऱ्या कापडावरून ते पसरविले. आरशाने आत आणलेला प्रकाश दाराकडूनच येतो. तो जसा मूळ गुहेत येत असेल तशाच दिशेने येतो, फक्त अधिक. म्हणून त्या छायाचित्रांत भिंत आणि छत यांचा कोपरा दिसतो, मूर्तीच्या पाठीमागे भिंत किती अंतरावर आहे ते कळते, दारातून येणारा माणूस प्रथम काय पाहील ते कळते. रंग नाहीत, त्यांची उणीव जाणवतही नाही. २०२१ मध्ये हा सर्व संग्रह प्रिन्स्टनहून नऊ खंडांत प्रसिद्ध झाला आहे. अजिंठ्यासाठी असे काम झालेले आम्ही पाहिलेले नाही. वेरूळ, कार्ले, भाजे, नाशिक, जुन्नर यांची तर गोष्टच सोडा.

छायाचित्रास जागा कशी अडविते याचे उत्तम उदाहरण सव्विसाव्या लेण्यात आहे. हे चैत्यगृह. डाव्या पडवीच्या भिंतीत महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती कोरली आहे. तथागत उजव्या कुशीवर पहुडले आहेत, खाली शोकाकुल शिष्यांची रांग, वर आकाशगामी देवगण. एका बाजूस भिंत, दुसऱ्या बाजूस खांब, मध्ये अरुंद वाट. सबंध मूर्ती एका चौकटीत बसविण्यासाठी जितके मागे जावे लागेल तितकी जागाच नाही. मागे सरकले तर खांब आड येतात. म्हणून छायाचित्रकार एका टोकाशी उभे राहून तिरपे चित्र घेतात, आणि मग जवळचा भाग अवाढव्य, दूरचा भाग चिमुकला होतो. रुंद भिंग लावले तर देहाला नसलेला बाक येतो. आम्ही अनेक ग्रंथ चाळले. त्या मूर्तीचे समाधानकारक छायाचित्र आम्हांस अद्याप मिळालेले नाही, आणि ते मिळू नये अशीच ती जागा आहे. कारण ती मूर्ती उभे राहून पाहण्यासाठी कोरलेली नाही. स्तूपास प्रदक्षिणा घालणारा उपासक डाव्या पडवीने आत शिरतो, आणि प्रथम त्याच्या डाव्या हातास तथागतांचे मस्तक येते. मग तो चालत राहतो. स्कंध, हात, चीवराच्या चुण्या, आणि अखेर चरण. एका देहाच्या लांबीइतके चालणे हाच तेथे विधी आहे. पावलागणिक शोक करणारे शिष्य त्याच्या कमरेच्या उंचीवर सोबत असतात. त्याच भिंतीवर पुढे मारविजयाचा पट येतो. म्हणजे परिनिर्वाण आधी आणि बोधीपूर्वीचा संग्राम नंतर, असा उलटा क्रम चालणाऱ्यास लागतो. तो का, यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे इतकेच की सुट्या छायाचित्रांवरून हा प्रश्न कोणास पडणारच नाही.

आणि शेवटी बारावे लेणे. त्याचे छायाचित्र फारसे कोणी घेत नाही. चित्र नाही, मूर्ती नाही. चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना मिळून बारा खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच ठेवलेले दोन ओटे. मागील भिंतीवरील लेखात घनामदड या व्यापाऱ्याच्या दानाचा उल्लेख आहे. पर्यटकांचे गट दारातून डोकावून पुढे जातात. आम्हीही विद्यार्थ्यांना पूर्वी असेच पुढे नेत असू. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही तेथे थांबलो. आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याकडे साधा कॅमेरा होता. झगझगीत दिव्यास तेथे बंदी आहे, तिकाटण्यास पूर्वपरवानगी लागते. तेव्हा कॅमेरा ओट्यावरच टेकविला आणि भिंग उघडे ठेवून सर्वजण स्तब्ध बसलो. अडचण अशी की खोलीत उजेड येण्यास दाराखेरीज मार्ग नाही. खोलीच्या अंधाराचे माप धरावे तर दार पांढरेशुभ्र होऊन विरघळते. दाराचे माप धरावे तर ओटा काळोखात बुडतो. पाच-सहा प्रयत्नांनंतर एक छायाचित्र जमले. त्यात डाव्या बाजूस दगडी ओट्याची कड आहे, उजव्या बाजूस दुसऱ्याची, मधे जेमतेम एका माणसाने उभे राहावे इतकी जागा, आणि दाराच्या चौकटीतून दालनापलीकडचे दुसरे दार, त्यापलीकडे काळोख. दृश्यात कोणी नाही. परंतु ते ज्या उंचीवरून घेतले आहे ती ओट्यावर पडून राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची आहे. वर्षावासात एखादा भिक्खु उशिरा जागा झाला तर त्यास हेच दिसले असेल.

हे छायाचित्र कलादृष्ट्या सामान्य आहे, थोडे हललेही आहे. विद्यार्थी ते देण्यास संकोचत होता. आम्ही ते मोठे करून घेतले आणि पद्मपाणीच्या शेजारी, पण त्यापेक्षा खाली, बसणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर लावले. त्याच्या बाजूस पहिल्या लेण्याचा रेखांकित आराखडा लावला असून पद्मपाणीची जागा तांबड्या शाईने दर्शविली आहे. सागवानी चौकटीच्या दात्यास हे आवडेल की नाही याची आम्हांस थोडी काळजी होती. ते परवा येऊन गेले. आराखड्यावर बोट ठेवून त्यांनी चौदा खोल्या मोजल्या, मग खालच्या छायाचित्रासमोर खाली बसले आणि ओट्याची रुंदी हाताच्या वितीने किती भरेल ते विचारू लागले. आम्ही ती मोजून आणलेली नव्हती.